पावले मोजणारे यंत्र

टेबलावर मावणाऱ्या छोट्या सीएनसी मिलिंग मशीनबद्दल, म्हणजे संगणकाच्या आज्ञांप्रमाणे फिरत्या कटरने माल कापणाऱ्या यंत्राबद्दल, मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की, आपण कोठे उभे आहोत हे त्या मशीनला कळत नाही. संगणकाच्या पडद्यावर एक्स, वाय आणि झेड या तिन्ही अक्षांचे आकडे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत धावताना दिसतात आणि पाहणाऱ्याचा समज होतो की, मशीन आपली जागा सतत तपासून पाहत आहे. प्रत्यक्षात ते आकडे म्हणजे मोटरला सोडलेल्या आज्ञांची बेरीज असते. मोटरने ती आज्ञा पाळली का, स्क्रू फिरला का, टेबल सरकले का, यांपैकी काहीही आज्ञा सोडणाऱ्या कंट्रोलरला परत कळवले जात नाही. मध्येच एखादे पाऊल चुकले, तर पुढचे सगळे काम त्याच सरकलेल्या जागेवरून, तितक्याच ठामपणे होत राहते. म्हणूनच अशा मशीनची निगा ही सवड मिळेल तेव्हा करायची वेगळी गोष्ट राहत नाही. मशीनने मनाशी धरलेला हिशेब आणि टेबलावरची वस्तुस्थिती यांची सांगड कायम ठेवणे, हेच चालवणाऱ्याचे खरे काम होऊन बसते.

माझ्याकडचे मशीन ३०१८ या नावाने ओळखले जाते. हे नाव कामाच्या जागेवरून, म्हणजे ३० बाय १८ सेंटिमीटरच्या टेबलावरून पडले आहे. खाचा असलेल्या ॲल्युमिनिअमच्या पट्ट्यांची चौकट, दोन्ही बाजूंना बॅकेलाइटच्या काळ्या पाट्या, १० मिलिमीटर व्यासाच्या गुळगुळीत पोलादी दांड्या, त्यांवर सरकणारी बेअरिंगे आणि प्रत्येक अक्षाला एक स्टेपर मोटर व एक लांब आटेदार स्क्रू, एवढाच त्याचा संसार. मोटरचे एक पाऊल १.८ अंशांचे, म्हणजे एका फेऱ्याची २०० पावले होतात. मोटरला वीज सोडणारा ड्रायव्हर त्या प्रत्येक पावलाचे १६ बारीक भाग करतो आणि स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल ४ मिलिमीटर सरकते. त्यामुळे एका मिलिमीटरला ८०० सूक्ष्म पावले पडतात आणि एक सूक्ष्म पाऊल सव्वा मायक्रॉनचे भरते. हा आकडा कागदावर फार देखणा दिसतो, पण तो हिशेबाची बारकाई सांगतो, कामाची अचूकता सांगत नाही. एकेका सूक्ष्म पावलामागे मोटरचा जोर अगदी थोडा असतो, नट आणि स्क्रू यांच्यात फट असते, दांड्या वाकतात, कटरही वाकतो. हे सगळे धरून चालले, तर नीट निगा राखलेल्या अशा मशीनकडून ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आत काम मिळाल्यास समाधान मानावे.

या तंत्राचा जन्म झाला तेव्हाची स्थिती याच्या अगदी उलट होती. १९४० च्या दशकात अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत असत. पात्याच्या छेदाचा वक्र नेमका यावा म्हणून त्यांनी आणि फ्रँक स्टुलेन यांनी वक्रावरचे बिंदू पंचकार्डांच्या यंत्रावर गणिताने काढले. मग एकाने आकडे मोठ्याने वाचायचे आणि दोघांनी मिलिंग मशीनची दोन चाके त्या आकड्यांप्रमाणे फिरवायची, अशी पद्धत होती. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे कंत्राट मिळाल्यावर ही चाके यंत्रानेच फिरवण्याचा प्रश्न एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेला आणि १९५२ मध्ये तेथे सिनसिनाटी हायड्रो-टेल मिलिंग मशीन छिद्रे पाडलेल्या कागदी फितीच्या आज्ञांवर चालवून दाखवण्यात आले. नियंत्रणासाठी शेकडो व्हॅक्यूम ट्यूब लागल्या होत्या. पण त्या अवजड यंत्रणेत प्रत्येक अक्षाची प्रत्यक्ष जागा मोजून ती नियंत्रणाकडे परत पाठवली जात होती आणि आज्ञा व वास्तव यांतला फरक मिटेपर्यंत यंत्र हलत राही.

आजच्या टेबलावरच्या मशीनने स्वस्ताईसाठी नेमका हाच भाग वगळला आहे. त्याचा मेंदू म्हणजे आर्डुइनो ऊनो या छोट्या सर्किट बोर्डवर असतो तोच, ३२ किलोबाइट फ्लॅश आणि २ किलोबाइट रॅम असलेला चिमुकला मायक्रोकंट्रोलर. त्यावर चालणारी जीआरबीएल ही मुक्त प्रणाली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोगस्रूद यांनी २००९ मध्ये सुरू केली आणि पुढे सुंगउन जॉन यांनी ती नावारूपाला आणली. तिन्ही अक्ष एकाच वेळी सांभाळणे, पुढची वळणे आधीच पाहून वेग कमी-जास्त करणे, हे सारे एवढ्याशा स्मृतीत बसवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. जगभरच्या हजारो लोकांच्या घरात मिलिंग मशीन येऊ शकले, त्यात या प्रणालीचा वाटा फार मोठा आहे. मात्र परत येणारी खबर तिच्यात नाही आणि ती खबर देण्याची जबाबदारी शेजारी उभ्या असलेल्या माणसावर येते.

मशीनचा मऊपणा किती असतो, हे मला आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी दाखवले. भोसरीच्या कारखान्यांत त्यांची उभी हयात मिलिंगवर गेली आणि त्यातली बरीच वर्षे एचएमटीच्या एफएन-२ वर, जिचे वजन टनांत मोजतात. बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या डायल इंडिकेटरचा चुंबकी स्टँड ॲल्युमिनिअमच्या टेबलावर चिकटेना, तेव्हा त्यांनी आधी एक पोलादी पाटी टेबलावर बांधली, तिच्यावर स्टँड बसवला आणि डायलचे टोक कोलेटच्या, म्हणजे कटर धरणाऱ्या पकडीच्या, नटाला टेकवून काटा शून्यावर आणला. मग त्यांनी कटर फिरवणाऱ्या स्पिंडलच्या अंगावर अंगठ्याने सहज दाब दिला. काटा दहा घरे सरकला. एक घर ०.०१ मिलिमीटरचे, म्हणजे हाताच्या अंगठ्याने सारे डोके दशांश मिलिमीटर ढकलले होते. “अरे, हा तर नुसता अंगठा आहे,” ते म्हणाले, “कटर याच्यापेक्षा जोरात रेटतो.” मी मशीन वाईट आहे का, असे विचारल्यावर त्यांनी मान हलवली. “वाईट कशाला? त्याला झेपेल तेवढंच खायला द्यायचं, एवढंच.”

झेपेल तेवढे म्हणजे किती, हे ठरवण्यासाठी थोडे गणित अपरिहार्य आहे आणि ते टाळून केवळ अंदाजाने चालणाऱ्यांचे कटर मोडत राहतात. माझ्या मशीनचा स्पिंडल ७७५ जातीच्या ब्रशवाल्या मोटरचा आहे आणि तो मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. एका धारेच्या एंड मिल कटरने ॲल्युमिनिअम कापताना प्रत्येक फेऱ्यात ०.०२ मिलिमीटर जाडीची चिप निघावी असे ठरवले, तर फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला २०० मिलिमीटर येतो. खोली एका वेळी ०.१ ते ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त घेऊ नये. भीतीपोटी फीड याहून फार कमी केला, तर धार धातू कापण्याऐवजी त्यावर घासत राहते, उष्णता वाढते आणि मऊ ॲल्युमिनिअम धारेला चिकटून बसते. म्हणजे मशीनला जपायचे असेल, तर खोली कमी करावी, फीड नव्हे. कटरच्या वाकण्याचा नियमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कोलेटबाहेर आलेली लांबी दीडपट झाली, तर वाकणे तिच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सव्वातीनपटीहून अधिक वाढते. व्यास मात्र २ ऐवजी ३ मिलिमीटर घेतला, तर चौथ्या घाताच्या हिशेबाने ते सुमारे पाचपट कमी होते. म्हणून कटर शक्य तितका जाड आणि शक्य तितका आत धरलेला असावा.

मालाची निवडही इथेच येते. भंगारातून आलेला, कोणत्या मिश्रधातूचा हे ठाऊक नसलेला ॲल्युमिनिअमचा तुकडा पुष्कळदा इतका मऊ आणि चिवट असतो की, त्यात कितीही काळजी घेतली तरी कड फाटल्यासारखी येते. आपल्याकडच्या बाजारात एचई-३० या नावाने मिळणारी, म्हणजे ६०८२ या मिश्रधातूची पाटी चार पैसे जास्त देऊन घ्यावी. तिच्या चिप्स सुट्या, चमकदार आणि तुटक निघतात. ॲल्युमिनिअमवर रॉकेल मारण्याची कारखान्यातली जुनी रीत आहे, पण माझ्या स्पिंडलच्या मोटरमधले ब्रश ठिणग्या टाकत कटरच्या थोडेच वर फिरत असल्यामुळे मी रॉकेल त्याच्या जवळही येऊ देत नाही. कटिंग ऑईलचे चार थेंब ब्रशने लावले की काम भागते.

पडद्यावरचे आकडे जे सांगत नाहीत, ते आवाज सांगतो. नीट चाललेल्या कापाचा आवाज एकसुरी, भरीव असतो. धार बोथट झाली की, त्यात कोरडी किंचाळ मिसळते. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, नीट बांधलेला नसेल, तर थरथर ऐकू येते आणि भिंतीवर बारीक लाटा उमटतात. स्टेपर मोटर अडखळली, तर गिअर घसरल्यासारखा एक जाड, खरखरीत आवाज क्षणभर येतो. हा शेवटचा आवाज ऐकल्यावर काम त्या क्षणी थांबवावे, कारण त्यानंतर मशीनने केलेली प्रत्येक हालचाल चुकलेल्या जागेवरून होणार असते. याच कारणाने मशीन चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जाणे मला मान्य नाही. आग किंवा अपघाताचा प्रश्न तर आहेच. डोळ्यांवर गॉगल, बाह्या वर दुमडलेल्या आणि फिरत्या कटरजवळ हातमोजे अजिबात नाहीत, हे नियम मशीन लहान आहे म्हणून सैल होत नाहीत.

निगेची सुरुवात कोलेटपासून होते, असे माझे ठाम मत आहे. ईआर-११ कोलेटच्या उतरत्या अंगावर केसाएवढा कीस राहिला, तरी कटर मध्यावरून ढळतो आणि दोन धारांपैकी एकच सगळे काम करू लागते. कटर बदलताना दर वेळी कोलेट काढून, आतले शंकूचे तोंड कोरड्या फडक्याने पुसून, कोलेट आधी नटात खट्कन बसवून मगच नट स्पिंडलवर चढवावा. कोलेट नुसता स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला, तर तो तिरका बसतो. आणखी एक सूक्ष्म फरक असा की, सर्किट बोर्डच्या उद्योगातून आलेल्या बहुतेक कटरांचा दांडा ३.१७५ मिलिमीटरचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा असतो. तो ३ मिलिमीटरच्या कोलेटात जबरीने बसवू पाहिल्यास कोलेट आणि कटर दोन्ही वाया जातात.

त्यानंतर येतो बॅकलॅश, ज्याला कारखान्यात ‘प्ले’ म्हणतात. दिशा उलटली की, स्क्रू थोडा रिकामाच फिरतो आणि मगच टेबल हलते. तो मोजायला डायल टेबलाच्या कडेला लावून मशीनला एकाच दिशेने थोडे पुढे आणावे, काटा शून्य करावा आणि मग उलट दिशेने १ मिलिमीटरची आज्ञा द्यावी. डायलने ०.९३ दाखवले, तर उरलेले ०.०७ फटीत गेले. डायल नसलेल्यांसाठी त्याहून सोपी परीक्षा आहे: ॲल्युमिनिअमच्या पाटीत ३० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ कापावे आणि कडेवरून नख फिरवावे. वर्तुळाच्या ज्या चार ठिकाणी एक्स किंवा वाय अक्षाची दिशा उलटते, नेमक्या त्याच चार ठिकाणी नखाला बारीकशी पायरी किंवा सपाटी लागते. वर्तुळ इतके बोलके असते की, कोणत्या अक्षाचा नट सैल झाला आहे, हेही त्यावरून कळते. जीआरबीएलमध्ये ही फट हिशेबाने भरून काढण्याची सोय नाही आणि माझ्या मते ते योग्यच आहे. फट यांत्रिक आहे आणि तिचा उपायही यांत्रिकच हवा: स्प्रिंगचा दाब देणारा जोडनट नीट बसवणे, स्क्रू आणि मोटर यांच्या कपलिंगमधले ग्रब स्क्रू आवळणे, स्क्रूच्या टोकाच्या बेअरिंगला ढिलाई नाही ना हे पाहणे. बॅकलॅश तसाच ठेवून पावलांचा आकडा बदलत बसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यामुळे एक लांबी जुळते आणि बाकी सगळ्या चुकतात.

साफसफाईत एक पथ्य आवर्जून पाळावे. चिप्स ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढाव्यात, हवेचा झोत मारू नये, कारण झोताने बारीक कीस थेट बेअरिंगांच्या सीलखाली घुसतो. दांड्या फडक्याने पुसून त्यांवर मशीन ऑईलचा हलका हात फिरवावा. ओघळेल इतके तेल लावले, तर त्यात लाकडाचा भुसा मिसळून खळ तयार होते. स्क्रूला पातळ ग्रीसचा थर पुरतो. सागवान कापल्यानंतर कटरची धार मी नेहमी भिंगाखाली पाहतो, कारण सागात सिलिका असते आणि ती धार फार लवकर खाते.

पुण्याच्या कोरड्या दिवसांत हे सारे सुरळीत चालते, पण पावसाळ्यात मशीनचा स्वभाव पालटतो. जॉबखाली बांधलेली एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, पाटी आषाढात दमट हवा पिऊन कडांना फुगते आणि मे महिन्यात सपाट केलेले टेबल जुलैत सपाट राहत नाही. दांड्यांवर तांबूस ठिपके दिसू लागतात. गंज आधी हाताच्या घामाच्या ठशांवर चढतो, म्हणून या दिवसांत दांड्यांना बोट लागले तरी मी लगेच पुसून घेतो. मशीनवर प्लॅस्टिकचे आवरण घालण्यापेक्षा सुती कापड बरे, कारण प्लॅस्टिकखाली दमटपणा कोंडतो. पाटी पुन्हा सपाट करायची ती पावसाने उघडीप दिल्यावर आणि ज्या दिवशी काम करायचे त्याच दिवशी.

पावसाळ्याचे दुसरे संकट विजेचे. वीज क्षणभर गेली, तरी कंट्रोलर आपली जागा विसरतो आणि अर्धे झालेले काम अधांतरी राहते. होमिंगचे, म्हणजे अक्षाचे टोक ओळखणारे, स्विच नसलेल्या मूळ मशीनला पुन्हा सुरुवातीच्या जागेवर नेण्याचा भरवशाचा मार्ग नसतो. मी तपकीर गल्लीतून आणलेले साधे स्विच तिन्ही अक्षांना बसवून घेतले आहेत आणि तरीही प्रत्येक मोठ्या कामात जॉबच्या वाया जाणाऱ्या कोपऱ्यात आधी एक छोटे छिद्र पाडून घेतो. वीज गेलीच, तर त्या छिद्रात तेवढ्याच व्यासाची पिन उतरवून शून्य परत सापडते. झेडचे शून्य मात्र नेहमीच्या कागदानेच लावावे: साधा ८० जीएसएमचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो आणि कटर उतरवता उतरवता तो ओढायला किंचित जड लागला की, जॉब तेवढाच खाली आहे असे समजावे.

या मशीनला बाहेरच्या जगाची खबर खऱ्या अर्थाने मिळते ती प्रोबच्या वेळी. सर्किट बोर्डवरचा तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचा, आणि बोर्ड स्वतः मात्र दशांश-दोन दशांश मिलिमीटर वाकलेला. एकाच खोलीवर कटर चालवला, तर एका कोपऱ्यात तांबे कापले जात नाही आणि दुसऱ्या कोपऱ्यात रेषा रुंद होत जाते. म्हणून तांब्याला एक तार आणि कटरला दुसरी तार जोडून मशीनला जाळीसारख्या ठरावीक बिंदूंवर खाली उतरवतात. टोक तांब्याला टेकले की सर्किट पूर्ण होते आणि त्या बिंदूची उंची नोंदली जाते. कँडलसारखी, संगणकावरून मशीनला आज्ञा पाठवणारी प्रणाली त्या उंचीच्या नकाशाप्रमाणे पुढचा सगळा मार्ग वाकवून घेते. बोर्डवर एकापाठोपाठ एक टेकत जाणारे टोक पाहताना मला दर वेळी आनंद होतो, कारण आज्ञा पाळणारे यंत्र त्या वेळी विचारत असते आणि मिळालेले उत्तर ऐकत असते. हे काम करताना मास्क लावावा. बोर्डमधल्या काचतंतूंची धूळ फुप्फुसांना घातक असते.

आपल्याकडे खंडेनवमीला कारखान्यांतली यंत्रे धुऊनपुसून, तेलपाणी करून, झेंडूच्या माळा घालून पूजतात. मी तो दिवस मशीन पूर्ण तपासण्यासाठी राखून ठेवला आहे. स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे का हे पाहण्यासाठी त्यात वाकडी सळई धरून तिच्या टोकाला डायल बांधायचा, स्पिंडल हाताने फिरवत टेबलावर वर्तुळाकार नेत चारही दिशांना काटा वाचायचा आणि फरक दिसेल तिकडे स्पिंडलच्या पट्टीमागे पातळ पत्र्याची शिम घालायची. हे काम तासन्‌तास चालते, कारण एक बाजू जुळवली की दुसरी थोडी हलते. मग चौरस कापून त्याचे दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे नसतील, तर चौकट काटकोनात नाही. मोटरचे ब्रशही त्याच दिवशी पाहतो, कारण ते झिजत जातात आणि फेऱ्या हळूहळू कमी होत असल्याने रोजच्या वापरात ते लक्षात येत नाही.

मशीनमध्ये सुधारणा करायची तर कोठून सुरुवात करावी, असे नव्याने घेणारे लोक विचारतात. माझे उत्तर आधी बेअरिंगचा चांगला स्पिंडल, मग दांड्यांऐवजी लिनिअर रेल आणि त्यानंतर, पैसे उरलेच तर, फिरणे मोजणारा एन्कोडर असलेल्या, म्हणजे खबर परत देणाऱ्या, क्लोज्ड-लूप मोटरी, असे असते. पुष्कळांना हा क्रम उलटा वाटतो, कारण आता मशीनला आपली जागा कळेल, हे आश्वासन फार मोहक आहे. पण एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर बसतो. शाफ्ट किती फिरला एवढेच त्याला कळते. नटातली फट, दांडीचा बाक, कोलेटमधला कीस आणि काकांच्या अंगठ्याखाली सरकलेले ते दहा घरांचे अंतर त्याच्या पलीकडचे आहे. मोटर अडखळली तर तो सांगेल आणि तेवढ्यासाठी तो जरूर घ्यावा. कटरचे टोक प्रत्यक्ष कोठे पोहोचले हे मात्र त्यानंतरही कापलेल्या तुकड्यावर व्हर्निअर लावूनच पाहावे लागते.